पुस्तक पाच जणांचं, पंगत पन्नासाची

मराठी पाकपुस्तक विकत घेण्याआधी ते गोड्या मसाल्याच्या पानावर उघडून बघावं. मुखपृष्ठावरची पुरणपोळी, आतले गुळगुळीत फोटो, ‘एक हजार एक पदार्थ’ ही जाहिरात, यांतल्या कशावरूनही पुस्तकाचा कस कळत नाही. या एका पानावरून मात्र बराच कळतो. धणे, सुकं खोबरं, दगडफूल किती घ्यायचं हे वजनात सांगितलंय का? कोणता जिन्नस कोरडा भाजायचा आणि कोणता तेलावर, हे वेगळं लिहिलंय का? आणि एवढं सगळं केल्यावर मसाला शेवटी किती भरतो, पाव किलो की एक किलो, हा आकडा दिलाय का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर लिहिणारीनं तो मसाला स्वतःच्या हातानं केलेला आहे असं खुशाल समजावं.

गोड्या मसाल्यात सगळी करामत भाजण्याची आहे. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवावे लागतात. खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बराच वेळ हलवत खरपूस तपकिरी करावा लागतो, कारण मसाल्याचा गडद रंग आणि आमटीला येणारा अंगचा दाटपणा बराचसा त्याच्यावर अवलंबून असतो. लवंग तेलात टाकली की फुगते आणि तीच तिची खूण. खडा हिंग तळून फुलवायचा. दगडफूल इतकं हलकं की मूठभर घेतलं तरी काट्यावर जेमतेम काही ग्रॅम भरतं, आणि कढईत जरा जास्त राहिलं की करपून कडवट होतं. ‘सर्व मसाले भाजून बारीक करावेत’ एवढ्या एका ओळीत ज्या पुस्तकानं हे उरकलं, ते शिकणाऱ्याच्या कामाचं नाही. ज्या बाईला येतं तिला त्या पुस्तकाची गरज नसते. जिला येत नाही तिचे धणे कच्चे राहतात आणि दगडफूल जळतं.

दुसरी परीक्षा मिरचीची. ‘पाव किलो लाल मिरच्या’ असं नुसतं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. बेडगी घ्यायची ती रंगासाठी, लवंगी तिखटपणासाठी. काश्मिरी जवळपास रंगापुरतीच. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाचं नाव मिळालेल्या बेडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे निदान तिचं नाव तरी आता सगळीकडे माहीत झालंय. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला असो, मालवणी असो की आगरी, मिरच्या कोणत्या आणि एकमेकींच्या किती प्रमाणात, हे लिहिलेलं नसेल तर बाकीच्या वीस जिन्नसांची यादी कितीही तपशीलवार असली तरी मसाला दरवर्षी वेगळाच होणार. आणखी एक बारीक गोष्ट: वजन देठांसकटचं की देठं काढून, उन्हात कडक करून घेतल्यानंतरचं? चांगली लेखिका तेही सांगते.

हे सगळं लिहून ठेवायची रीत घराघरांत आहेच. मार्च ते मे या दिवसांत मुंबईच्या लालबागमधल्या मसाला गल्लीत गेलं की ती दिसते. वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायकांच्या हातात घडी घालून घालून विरलेला कागद असतो. त्यावर ‘एक किलो मिरचीला’ असं शीर्षक आणि खाली धणे, मिरी, बडीशेप, हळकुंडं, खसखस यांची वजनं. मिरच्या तिथेच निवडून घ्यायच्या, जिन्नस तिथेच भाजून घ्यायचे आणि डंकावर कुटून डब्यात भरून न्यायचे. वसईपासून मुंबईपर्यंतच्या ईस्ट इंडियन कुटुंबांचा बॉटल मसालाही असाच, उन्हाळ्यात पंधरा-वीस जिन्नस कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. या याद्यांचं मोल एवढ्यासाठी की त्यांत एक जिन्नस पाया धरलेला असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या हिशेबात. अर्धा किलोचा मसाला करा की पाच किलोचा, यादी मोडत नाही. छापील पुस्तकांनी हे शिकण्यासारखं आहे.

छापील पुस्तकांचा इतिहास एका अर्थानं मापांचाच इतिहास आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं. त्या काळचा हिशेब शेर, तोळे आणि माशांचा. जुनी प्रत हाती आली आणि त्यातून काही करून बघायची हौस असली, तर आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, पण मुंबईचा जुना शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. म्हणजे ‘एक शेर बेसन’ वाचून मोठा शेर धरला, तर बाकीचा मसाला तिपटीनं कमी पडतो. तोळा त्यातल्या त्यात सरळ, साधारण ११.६६ ग्रॅम.

१९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं वाटी आणि चमचा ही मापं घरोघरी पक्की केली. ज्या घरात तराजू नाही तिथेही या पुस्तकावरून स्वयंपाक करता आला, आणि नव्यानं संसार मांडलेल्या किती मुलींना त्याचा आधार झाला याची मोजदाद कठीण. वाटीचा गुण असा की ती प्रमाण सांगते: एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, मग वाटी कोणाच्याही घरची असो. अडचण कुठे येते, तर एकाच कृतीत डाळ वाटीनं आणि मीठ, तिखट, हिंग चमच्यानं असतं तिथे. घरातल्या वाट्या शंभर मिलिलिटरपासून दोनशेपर्यंत काहीही असतात. चार माणसांच्या भाजीत हा फरक जिभेला फारसा कळत नाही. पन्नास माणसांच्या पातेल्यात तो दहापट होऊन बसतो.

जातिपातींची, प्रांतांची पुस्तकं निवडताना निकष थोडा बदलावा लागतो. सारस्वत महिला समाजानं १९४३ मध्ये काढलेलं ‘रसचंद्रिका’ घेणारा माणूस बिनचूक ग्रॅम शोधत नसतो. एका समाजाचं वर्षभराचं ताट, सणवार आणि घरगुती औषधं असं सगळं त्याला एका जागी हवं असतं. अशा पुस्तकातून मसाल्यांचा स्वभाव शिकावा. तिरफळ कुठे, मिरी कुठे, खोबरं भाजून कुठे आणि ओलं कुठे, हे त्यातून मुरतं. प्रमाण मग स्वतःच्या काट्यावर पुन्हा एकदा बसवून घ्यावं.

आता पंगतीकडे. घरी वास्तुशांत आहे, पन्नास पानं उठायची आहेत, आणि आचारी न बोलावता घरच्यांनीच करायचं ठरलंय. पुस्तकातली आमटी ‘चार ते पाच जणांसाठी’ आहे. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक आकड्याला दहानं गुणायचं. नेमकी इथेच गडबड होते, आणि का होते हे पातेल्याजवळ उभं राहिलं की दिसतं.

एक वाटी, म्हणजे अंदाजे दीडशे ग्रॅम तूरडाळ दहापट केली की दीड किलो. एवढं खरंच सरळ गुणायचं. डाळ शिजवताना घरचा पाच लिटरचा कुकर निम्म्याच्या वर भरता येत नाही, म्हणून ती दोन-तीन खेपांत शिजवावी लागते किंवा भिजवून मोठ्या पातेल्यात. हा वेळ पुस्तकात कुठेच धरलेला नसतो. मग पाणी. लहान पातेल्यातली आमटी उकळताना भराभर आटते. पातेलं लांबी, रुंदी, उंचीनं दुप्पट केलं तर आत आठपट आमटी मावते, पण वाफ जाणारं वरचं तोंड फक्त चौपट होतं. त्यामुळे मोठ्या भांड्यात दर लिटरमागे पाणी कमी उडतं. दहापट पाणी ओतलं की आमटी पांचट होते आणि मग कितीही उकळली तरी अंगाला येत नाही. आचारी आठपटीच्या आसपास थांबतात आणि बाजूच्या शेगडीवर आधणाचं पाणी ठेवतात, लागेल तसं ओगराळ्यानं घालायला.

फोडणी तर आणखी नाजूक. पाच जणांच्या आमटीला दोन चमचे तेल लागत असेल, तर पन्नासांच्या आमटीला वीस लागत नाहीत, बारा-चौदांत भागतं. आणि तेवढं तेल मोठ्या कढईत एकदा तापलं की गॅस बंद केल्यावरही तापतच राहतं. घरच्या सवयीनं मोहरी, हिंग, हळद आणि तिखट एकामागून एक टाकलं तर तिखट काळं पडतं आणि सगळ्या पातेल्याला जळका वास लागतो. म्हणून मोहरी तडतडली की कढई खाली उतरवायची, क्षणभर थांबायचं, मग हिंग-हळद, आणि तिखट अगदी शेवटी, डाळीचं पाणी हाताशी ठेवून. गोडा मसाला दहापटीच्या पाऊण इतकाच आधी घालावा. मोठं पातेलं बराच वेळ गरम राहतं आणि मसाला त्यात उतरत राहतो. चव बघून उरलेला घालता येतो, घातलेला काढता येत नाही. मीठ मात्र तयार आमटीच्या मापावर धरावं: दर लिटरला आठ ते दहा ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला ऐंशी ते शंभर. तेही दोन हप्त्यांत.

कांदा घालायच्या भाजीची गत आणखी वेगळी. पाच किलो कांदा एका पातेल्यात कोंबला तर तो परतला न जाता स्वतःच्या पाण्यातच शिजतो. रंग येत नाही, गोडवा येत नाही, आणि मसाला कितीही चांगला असला तरी रस्सा फिका लागतो. कांदा तीन-चार घाण्यांत परतून घेणं कंटाळवाणं असतं, पण त्याला दुसरी वाट नाही.

हे सगळं ज्यात लिहिलंय अशी पुस्तकं मराठीत थोडी आहेत. काही पुस्तकांच्या शेवटी २५, ५० आणि १०० माणसांचा तक्ता असतो. तो उपयोगी आहेच, पण तो किराणा भरण्यासाठी असतो. स्वयंपाक कसा बदलतो हे त्यात नसतं. इंग्रजी चालत असेल तर थंगम फिलिप यांचं दोन खंडांचं ‘मॉडर्न कुकरी फॉर टीचिंग अँड द ट्रेड’ अजूनही घेण्याजोगं. त्या दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेच्या प्राचार्य होत्या आणि हे पुस्तक कितीएक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वापरलंय. त्यात वजनं ग्रॅममध्ये आहेत, हा त्याचा मोठा गुण. कोणतंही वजनातलं पुस्तक गुणाकार-भागाकार सोसतं. वाटी-चमच्याचं पुस्तक तेवढं सोसत नाही.

मोठ्या प्रमाणाचा सगळ्यात भरवशाचा तक्ता तर पाकपुस्तकाच्या कपाटात नाहीच. तो शाळेत आहे. शालेय पोषण आहाराचं, म्हणजे २०२१ पासूनच्या प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. शंभर लहान मुलांची खिचडी म्हणजे दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल. गावोगावच्या शाळांत ज्या बायका हे शिजवतात त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. घरच्या पंगतीसाठी ते तसेच्या तसे घेता येत नाहीत, कारण तिथे पोळी, कोशिंबीर, गोड असं सगळं असतं. मोठ्यांचं पूर्ण ताट असेल तर माणशी साधारण साठ-सत्तर ग्रॅम तांदूळ, तेवढीच कणीक, पंचवीस-तीस ग्रॅम डाळ आणि सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चिरण्याआधीची भाजी धरून चालतं. नुसताच मसालेभात असेल तर तांदूळ शंभराच्या पुढे जातो.

एका बाबतीत मात्र जवळपास सगळीच घरगुती पुस्तकं गप्प आहेत, आणि ते गप्प राहणं परवडणारं नाही. उरलेल्या अन्नाचं काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेची सूचना स्पष्ट आहे: शिजलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड तर ५ अंशांच्या खाली. दहा लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर ते कित्येक तास कोमट राहतं, आणि तेवढ्यात भातातले आणि मांसाच्या रश्श्यातले काही जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. म्हणून अन्न उरलं की ते परातींत पातळ पसरून लवकर निववावं आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावं. सकाळची पंगत संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवायची सवय सोडायलाच हवी. पुस्तक घेताना या विषयावर एक पान तरी आहे का, हे पाहणं मसाल्याच्या पानाइतकंच महत्त्वाचं.

घरात तीन गोष्टी असल्या तर पुष्कळ झालं: मसाल्यांसाठी वजनात लिहिलेलं एक पुस्तक, आपल्या भागाच्या किंवा माहेर-सासरच्या चवीचं एक, आणि पाच-दहा किलोपर्यंत मोजणारा साधा काटा. पंगतीचं तिसरं पुस्तक मराठीत कोणीतरी काढायला हवं. आचाऱ्यांना आणि शाळांत शिजवणाऱ्या बायकांना शेजारी बसवून, ग्रॅममध्ये, भांड्याच्या आणि शेगडीच्या मापासकट. मराठी प्रकाशकांनी हे काम मनावर घ्यावं. तोपर्यंत घरी मोठा स्वयंपाक झाला की पुस्तकाच्या समासात तारीख, किती पानं उठली, किती शिजवलं आणि किती उरलं, एवढं त्याच रात्री लिहून ठेवा.