थांबे मोजा, मग महिना ठरवा

जुन्नरला कधी जावं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी पावसाळाच येतो. माळशेजचे धबधबे, नाणेघाटात उलटं उडणारं पाणी, भीमाशंकरच्या वाटेवरचं धुकं... मोबाइलवर फिरणारे व्हिडिओही हेच दाखवतात. एखादं ठिकाण गाठून संध्याकाळी घरी परतायचं असेल, तर हे उत्तर बरोबरही आहे. पण तीन दिवस काढून जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पाहायचे असतील, शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, खोडद, नाणेघाट, डिंभे आणि शेवटी भीमाशंकर असे थांबे घ्यायचे असतील, तर हिशेब बदलतो.

क्रूझची सहल ठरवताना जाणकार आधी एक गोष्ट बघतात: दिवस समुद्रावर जास्त जाणार की बंदरांत? बंदरं जास्त असतील तर महिना बंदरांतल्या हवेवरून ठरवायचा, कारण प्रत्येक ठिकाणी उतरून चालायचं असतं. जुन्नर-आंबेगावची सहल याच जातीची. रस्ता कमी, उतरणं जास्त. गाडीच्या काचेतून छान दिसणारा ऋतू पायऱ्या चढायला छान असेलच असं नाही.

बंदरांचा विषय जुन्नरला परकाही नाही. सातवाहन काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढूनच जुन्नरला यायचा. इथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या परदेशी माणसानं, पाण्याच्या दोन टाक्या दान केल्याचा लेख आहे. त्या व्यापाराचं वेळापत्रक मान्सून ठरवायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत. म्हणजे ती आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असणार. मालानं लादलेली जनावरं घाट चढवायलाही तेच दिवस सोयीचे.

पावसाळ्याचा जमाखर्च

पावसाळ्यात मिळतं ते खरोखर मोठं असतं. नाणेघाटाच्या कड्यावर कोकणातून येणारा पश्चिमेचा वारा सरळ आदळतो आणि वर चढतो. त्याचा जोर इतका, की कड्यावरून पडणारी धार तो पुन्हा वर उडवतो. हा उलटा धबधबा पाहायचा तर भरपूर पाणी आणि जोराचा वारा एकाच वेळी हवा, म्हणजे जुलै-ऑगस्टच हवा.

पण त्याच दिवसांत नाणेघाटाचा बाकीचा ऐवज हातून जातो. खिंडीतल्या गुहेत राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची पावलं तेवढी उरली आहेत, आणि वर कोरलेली नावं. हे बघायला उजेड लागतो, निवांतपणा लागतो. ढगात बुडालेल्या गुहेत, पावसापासून आडोशाला आलेल्या गर्दीत, यातलं काहीच धड दिसत नाही. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण ओळखू येतो, इतकंच.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून या पट्ट्यातला मुसळधार पाऊस कुणी गमतीवारी घेत नाही. माळशेजमध्ये दरडी पडतात, धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासन बंदी घालतं. सात थांब्यांतले दोन असे ऐनवेळी गळाले की सगळी आखणी कोलमडते.

थंडी आणि उन्हाळा

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुरेख असते. पण शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात, आणि शिवनेरीच्या दरवाजांतून वर जाणारी रांग पुढे सरकत नाही. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची गर्दी, महाशिवरात्रीला भीमाशंकरला पाय ठेवायला जागा नाही. तरी या ऋतूची स्वतःची मिळकत आहे. नारायणगाव-जुन्नरच्या बागांत द्राक्षं तयार होतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, लोकांसाठी खुली होते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, हा प्रकार एरवी बहुतेकांना लांबूनच पाहावा लागतो. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा भरवणारे लोक सुपारी ठरवायला येतात, तेही उन्हाळ्याच्या तोंडाला.

एप्रिल-मेमध्ये उघड्या कातळावर चढणं नकोसं होतं. मात्र डिंभ्याचं पाणी खाली गेलं की धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावचे अवशेष वर येतात. तालुक्याला नाव देणारं गावच पाण्याखाली गेलंय, हे तेव्हा कळतं. मेअखेरीला भीमाशंकरच्या रानात काजवे चमकू लागतात. एकेका गोष्टीसाठी हे महिने उत्तम. सगळ्या सहलीसाठी नव्हेत.

दसरा ते दिवाळी

सगळे थांबे एका दमात घ्यायचे तर माझं मत दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांना. डोंगरउतारांवर हिरवळ अजून टिकून असते आणि पठारांवर सोनकीचा पिवळा रंग रेंगाळत असतो. धरणं भरलेली असतात. पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलेलं असतं. हवा धुऊन निघालेली असल्यामुळे नाणेघाटातून खालचं कोकण दूरवर दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळांत सहामाही परीक्षा चालू असतात, त्यामुळे सहकुटुंब गर्दी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घरीच थांबते.

लेण्याद्रीला तर या दिवसांचा वेगळाच फायदा. सुमारे तीनशे पायऱ्या चढून आपण ज्या प्रशस्त, बिनखांबी मंडपात येतो तिथे गिरिजात्मज गणपतीचं स्थान आहे, आणि लेण्यांची तोंडं दक्षिणेला आहेत. मे ते जुलै दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, काही आठवडे तर किंचित उत्तरेलाच. तेव्हा ऊन ओसरीशीच थबकतं. सप्टेंबरच्या अखेरीपासून सूर्य दक्षिणेला कलत जातो, तसतसं ऊन आत शिरायला लागतं. लेण्यांच्या ओसरीतल्या खांबांवरचं, कोरीव पट्ट्यांवरचं काम तेव्हा उठून दिसतं.

उणिवाही आहेत. परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह झोडपतो. दसरा लवकर असेल तर त्याची शक्यता जास्त. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरचा, २०२६ चा २० ऑक्टोबरचा. दसरा लवकर आला तर दिवाळीकडचे दिवस धरावेत. ऑक्टोबरचं ऊनही चटके देतं. आणि कोजागरीनंतर चार दिवसांनी संकष्टी येते, तेव्हा लेण्याद्री आणि ओझर या दोन्ही गणपतींकडे भाविकांची रीघ लागते. तेवढा दिवस आंबेगावसाठी ठेवावा.

क्रम कसा लावायचा

चढायचं ते सकाळी, हा पहिला नियम. पहिल्या दिवशी उजाडताच शिवनेरी, ऊन तापायच्या आत लेण्याद्री, आणि दुपारी कुकडीकाठचं ओझर. खोडदच्या तबकड्या परतीच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी सकाळीच नाणेघाट. वाटेत चावंडचा किल्ला दिसतो आणि पूर गावातलं कुकडेश्वराचं जुनं मंदिर लागतं. तिसऱ्या दिवशी मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकर. सोमवारी देवळात गर्दी असते, तो टाळा. शेकरू बघायचं असेल तर सकाळी लवकर रानात शिरा.

दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा दुसरा नियम, आणि तो हौसेचा नाही. या दिवसांत ऊस उभा असतो आणि उसात बिबट्या असतो. जुन्नर वनविभागात माणसांवर हल्ले झाले आहेत. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र काही उगीच उभं राहिलेलं नाही. अंधारात शेताच्या कडेला गाडी थांबवून चांदणं बघत बसू नये, लहान मुलांना तर मुळीच खाली उतरवू नये. स्थानिक माणूस 'आता निघा' म्हणाला की निघावं.

अनेक थांब्यांच्या सहलीचा ऋतू म्हणजे ज्यात प्रत्येक थांब्याला थोडं थोडं मिळतं आणि एकही थांबा वाया जात नाही, असा ऋतू. त्यात उलटा धबधबा नाही, काजवे नाहीत, द्राक्षंही नाहीत. ज्याला धबधबाच हवा आहे त्यानं जुलैत आडवार बघून त्याच्यासाठी वेगळा दिवस काढावा. तो या सहलीत कोंबू नये.