घाटात घाट किती?

माहीत आहे का? ‘पश्चिम घाट’ म्हणजे चक्क वाटेचं नाव डोंगराला चिकटल्याची केस आहे! आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर चढून जाणारी वाट आणि डोंगर म्हणजे सह्याद्री. युरोपियन पाहुण्यांनी सगळ्या रांगेलाच घाट करून टाकलं. २०१२ पासून ही १६०० किलोमीटरची रांग याच नावानं युनेस्कोच्या वारसा यादीत मिरवतेय. ब्रँडिंग म्हणतात ते हेच!

थांबा, ट्विस्ट पुढे आहे. हा डोंगर खरं तर दख्खनच्या पठाराची तुटलेली कड! म्हणून तर कर्जतहून मान वर करून बघावं लागतं, आणि पुण्याहून निघालात तर खंडाळा येईपर्यंत ‘डोंगर कुठाय?’

आता पायऱ्या मोजा. काशीचा घाट म्हणजे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. सह्याद्रीचा काळा दगड ‘डेक्कन ट्रॅप’चा, आणि या ‘ट्रॅप’चं मूळ असलेल्या स्वीडिश शब्दाचा अर्थही... पायऱ्या! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांच्या टप्प्यांवरून हे नाव पडलं. शिवाय काशीत शिंदे घाट आहे, भोसले घाट आहे, अहिल्याबाईंचा घाट आहे. घाटावरच्या मंडळींनी थेट गंगेवर घाट बांधले!

पूर्व घाट? गोदावरी, कृष्णा, महानदी यांनी त्याचे पार तुकडे केलेत. नावाला रांग!

फास्टॅगवाल्यांनो, नाणेघाटात गेलाय का कधी? वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात पडायची, असं सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका! पण खरा खजिना शेजारच्या लेण्यात आहे. तिथल्या ब्राह्मी लेखात यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, नाण्यांचा हिशेब कोरलाय आणि त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. गणित नावडतं असेल तर तक्रार इथे नोंदवा.

मग इंग्रजांनी बोरघाटातून रेल्वे चढवण्याचा घाट घातला! १८६३ मध्ये ती चढली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. सुरुवातीला एका वळणावर जागाच पुरेना, तेव्हा गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट्या दिशेनं निघायचे. आजही कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. तुम्हाला वडापाव मिळतो तो त्या थांब्याच्या कृपेनं!

या घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगरानं दाखवली, अशी आख्यायिका आहे. त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर आजही गाडीतूनच नाणं टाकतात. हा टोल मात्र राजीखुशीचा!

आणि शेवटचं, गाडी चालवणाऱ्यांसाठी. अरुंद घाटात आधी वाट चढणाऱ्या गाडीला, उतरणाऱ्यानं थांबायचं. कायदाच आहे तसा. पुढच्या वेळी उतरताना हॉर्नवर हात जायच्या आधी पाय ब्रेकवर जाऊ द्या!