गॅरेजची खोली करताना – भाग ४ : आधी जमीन

मागच्या आठवड्यात परवानगीचा विषय संपवला. गॅरेज नकाशात गाडीसाठी दाखवलेलं असतं, म्हणून ते सहसा चटईक्षेत्रात धरलेलं नसतं. तिथे माणसं राहू-वावरू लागली की ते मोजावं लागतं आणि गाडीला आवारात दुसरी जागा दाखवावी लागते. सुधारित नकाशा हातात आला आहे असं धरून आज जमिनीकडे वळू.

बंगल्याच्या गॅरेजची खोली करायची ठरली की घरात पहिली चर्चा होते ती खिडकी, फॉल्स सीलिंग आणि भिंतीत मिटणाऱ्या पलंगाची. दिवसा ऑफिस, संध्याकाळी मुलांची शिकवणी, रात्री पाहुण्यांची सोय असं छान चित्र डोळ्यांपुढे असतं. मग पहिल्याच पावसाळ्यात भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा फुगतो, रंगाचे पोपडे निघतात आणि कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागतो. रंगारी बदलून काही होत नाही, कारण ओल खालून येत असते.

यामागे जोत्याच्या उंचीचं साधं गणित आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घराचं जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच लागतं, गॅरेजला मात्र १५ सेंटिमीटर पुरतात. गाडी चढायला ते सोयीचंच असतं. वर गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार दिलेला असतो, गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. तळाला दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि कोबा. जमिनीतली ओल अडवणारा थर बहुधा नसतोच, कारण गाडीच्या टायरला ओलीचं काही वाटत नाही. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्या माणसाला वाटतं.

ओल आहे की नाही हे पाहायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा घ्या. कोरड्या पुसलेल्या कोब्यावर पसरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, कुठूनही हवा आत जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी तुकडा उचला. खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तेवढा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून वर येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा, त्याचा उपाय वेगळा, वारा खेळवण्याचा. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः कोपऱ्यांत, हे करून पाहा. आणि ते भर पावसाळ्यात करा. मे महिन्यात प्रत्येक गॅरेज कोरडंच असतं.

आता उपाय. इथे छतावर नजर टाकावी लागते, कारण जमीन किती उचलता येईल हे स्लॅब ठरवतो. राहत्या खोलीला फरशीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट, उंची लागते. गॅरेजला २.४ मीटर चालतात.

गॅरेज घराच्याच सलग स्लॅबखाली असेल तर तुमचं नशीब चांगलं. घराची जमीन गॅरेजपेक्षा फूटभर वर आहे, छत एकच आहे, म्हणजे गॅरेजमध्ये फूटभर उंची जास्तीची आहे. ती सगळी भराव घालून वापरा आणि दोन्ही फरश्या एका पातळीत आणा. घरातल्या वृद्धांना मधली पायरीही उतरावी लागणार नाही. भराव चांगल्या मुरुमाचा, थराथराने पाणी मारून धुमसलेला. बांधकामाचा राडारोडा टाकून वेळ मारून नेऊ नका, वर्षभरात तो बसतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. मुरुमावर २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद, जोडांवर किमान सहा इंच एकमेकांवर चढवलेला आणि भिंतीशी वर वळवलेला. मग काँक्रीट, शेवटी फरशी.

गॅरेज आवाराच्या कोपऱ्यात वेगळं बांधलेलं आणि बुटकं असेल, तर गोष्ट अवघड आहे. २.४ मीटरच्या छताखाली जमीन फूटभर उचलली तर उरतात २.१ मीटर. हात वर केला की पंख्याची पाती. अशा वेळी जुना कोबा फोडा, थोडं खणा आणि सोलिंग, प्लास्टिक कागद, काँक्रीट पुन्हा त्याच पातळीला करा. बाहेरची जमीन दारापासून दूर उतरती करून घ्या आणि दारासमोर जाळीचं गटार घ्या. एवढं करूनही उंची २.४च राहते, तेव्हा ती राहती खोली म्हणून धरू नका. कामाची, वाचनाची, वाद्य वाजवायची खोली करा, पाहुण्यांना घरात झोपवा. स्लॅब तोडून वर उचलण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

फोडायला घेण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे ते शोधा. आपल्याकडच्या कितीतरी बंगल्यांत पाण्याची भूमिगत टाकी गॅरेजखाली किंवा पोर्चखाली असते, ड्रेनेजचा चेंबरही तिथेच. झाकणावर फरशी बसवून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. पुढे टाकी धुवायची वेळ आली की नवी फरशी फोडण्यावाचून इलाज राहत नाही. टाकीचं तोंड खोलीच्या बाहेर काढता येत असेल तर आत्ताच काढा. ड्रेनेजचा चेंबर तर झोपायच्या खोलीत ठेवूच नका, लाइन वळवून घ्या.

जुना कोबा ठेवून त्यावरच फरशी लावणार असाल तर ऑइलचे डाग बघा. त्यावर सिमेंटची स्लरी धरत नाही आणि नेमक्या त्याच फरश्या सुटतात. डाग पडलेला भाग टाचे मारून खरवडा, धुवा, मगच पुढे जा.

शटरच्या जागी भिंत आणि खिडकी येते, तेव्हा एक प्रश्न गवंड्याला विचाराच: या भिंतीखाली काय आहे? गाडी आत यायची म्हणून तिथे बहुधा पायाच नसतो. वर लिंटेल आहे, त्यामुळे छताचा भार या भिंतीवर येत नाही, पण तिचं स्वतःचं वजन कोब्यावर टाकलं तर ती खचते आणि दोन्ही कडांना उभ्या चिरा जातात. खाली छोटी बीम टाका, वर हलके एएसी ब्लॉक वापरा आणि जुन्या-नव्या बांधकामाच्या जोडावर जाळी ठोकूनच गिलावा करा.

काम दिवाळीनंतर काढावं. पावसाळ्यात ओल कुठून येते ते तुम्ही पाहिलेलं असतं आणि काँक्रीटला सुकायला हिवाळा मिळतो. त्यावर किमान सात दिवस पाणी मारा, नंतर ते नीट वाळू द्या. कंत्राटदार घाई करेल, तरी लाकडी कपाटं तोवर आत येऊ देऊ नका.

(पुढच्या आठवड्यात : एकाच बाजूने उघड्या खोलीत वारा कसा खेळवायचा?)