गुडघ्याची उच्चस्थ वाटी

गुडघ्याच्या पुढील बाजूस असणारी वाटी तिच्या नेहमीच्या जागेपेक्षा मांडीच्या दिशेने वर असण्याच्या अवस्थेस हे नाव देतात. वैद्यकात ती ‘पॅटेला आल्टा’ या लॅटिन नावाने ओळखली जाते. ‘पॅटेला’ या शब्दाचा मूळ अर्थ लहान तबक असा असून मराठीतील ‘वाटी’ हे नावही तिच्या आकारावरूनच पडले आहे. वाटी नेहमीपेक्षा खाली असण्याच्या उलट अवस्थेस ‘पॅटेला बाहा’ म्हणतात. उच्चस्थ वाटी हा स्वतः रोग नव्हे. ती रचनेतील एक भिन्नता आहे. अनेक व्यक्तींमध्ये ती आयुष्यभर कोणताही त्रास न देता राहते. काहींत मात्र वाटी पुनःपुन्हा निसटणे व गुडघ्याच्या पुढील भागात सतत दुखणे या तक्रारींच्या मुळाशी ती असते. आघातानंतर एकाच गुडघ्याची वाटी अचानक वर गेल्यास ती तातडीने उपचार करण्याची बाब ठरते.

रचना व कार्य : वाटी ही स्नायूच्या कंडरेत तयार होणाऱ्या अस्थींपैकी शरीरातील सर्वांत मोठी अस्थी होय. मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू वरून तिला जोडलेला असतो. तिच्या खालच्या टोकापासून निघणारी जाड कंडरा (वाटीचा बंध) नडगीच्या हाडाच्या, म्हणजे अंतर्जंघास्थीच्या, पुढील उंचवट्यास चिकटते. स्नायू आकुंचन पावला की ही सर्व साखळी ताणली जाऊन पाय सरळ होतो. वाटीमुळे कंडरा सांध्याच्या अक्षापासून पुढे ढकलली जाते व तरफेचा भुज वाढल्यामुळे तेवढ्याच बलात पाय अधिक जोराने सरळ करता येतो.

मांडीच्या हाडाच्या (ऊर्वस्थीच्या) खालच्या टोकावर पुढील बाजूस एक खोबण असते. पाय पूर्ण सरळ असताना वाटी या खोबणीच्या वरच्या तोंडाशी सैल असते. गुडघा सुमारे २० ते ३० अंशांत वाकला की ती खोबणीत नीट बसते आणि त्यानंतर खोबणीच्या दोन्ही कडा तिला आवर घालतात. वाटी उंच असेल, तर ती खोबणीत उशिरा शिरते. त्यामुळे गुडघा जवळजवळ सरळ असतानाच्या टप्प्यात तिला हाडाचा आधार मिळत नाही व तिची सारी भिस्त आजूबाजूच्या मऊ बंधांवर राहते. शिवाय सुरुवातीच्या वाकण्यात वाटीचा थोडाच पृष्ठभाग ऊर्वस्थीस टेकतो. तेवढ्याच भागावर सर्व भार आल्याने तेथील दाब वाढतो आणि कालांतराने उपास्थी झिजू शकते. वाटी निसटणे आणि गुडघा दुखणे या दोन्ही तक्रारींचा उगम असा एकाच कारणात आहे.

कारणे : बहुतेक रुग्णांत ही अवस्था वाढीच्या काळातच निर्माण होते व सामान्यतः दोन्ही गुडघ्यांत आढळते, वाटीखालील कंडरा मुळातच लांब असते. मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) पीडित मुले गुडघे वाकवून चालतात. सतत ताणामुळे त्यांच्यातही वाटी हळूहळू वर सरकते. वाटीखालील कंडरा आघाताने तुटल्यास स्नायूच्या ओढीमुळे वाटी एकदम वर खेचली जाते. हा प्रकार वरील सर्वांहून वेगळा असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

लक्षणे : वाटी निसटण्याचा पहिला प्रसंग बहुधा किशोरवयात येतो. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर वळले, की वाटी बाहेरच्या बाजूस सरकते. पाय सरळ करताच ती पुष्कळदा आपोआप जागेवर येते. त्यामुळे ‘गुडघा मुरगळला’ एवढाच समज होतो. या प्रसंगी वाटीला आतील बाजूने ऊर्वस्थीशी बांधणारा बंध बहुतेक वेळा फाटतो, गुडघ्यात रक्त साचते व सूज येते. पुढील प्रसंग किरकोळ हालचालीनेही घडू शकतात. ज्यांची वाटी निसटत नाही अशांना जिना किंवा उतार उतरताना, उकिडवे बसून उठताना व बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यानंतर पुढील भागात दुखते.

तपासणीत काही खुणा दिसतात. गुडघा बाजूने पाहिल्यास वाटीचा एक व तिच्याखालील मेदाचा दुसरा असे दोन उंचवटे दिसतात. यास उंटाच्या मदारींची उपमा देतात. रुग्ण पाय खाली सोडून बसला असता उंच व बाहेर कललेल्या वाट्या नाकतोड्याच्या डोळ्यांसारख्या भासतात. पाय सरळ करत असताना अखेरच्या क्षणी वाटी झटक्याने बाहेर सरकणे आणि ती हाताने बाहेर ढकलू लागताच रुग्णाने घाबरून स्नायू आवळणे, या अस्थिरतेच्या खुणा होत.

निदान व मापन : क्ष-किरण चित्रणात गुडघा सुमारे ३० अंशांत वाकवून बाजूने चित्र घेतात. १९३८ मध्ये ब्लूमेनसाट यांनी वाटीचे खालचे टोक ऊर्वस्थीतील एका विशिष्ट रेषेशी ताडून पाहण्याची पद्धत सुचविली; परंतु गुडघ्याचा कोन थोडा बदलला तरी निष्कर्ष बदलत असे. १९७१ मध्ये जॉन इन्सॉल व एदुआर्दो साल्वाती यांनी कंडरेच्या लांबीस वाटीच्या लांबीने भागून मिळणारे गुणोत्तर वापरात आणले. ते सामान्यतः १ च्या आसपास असते, १.२ पेक्षा जास्त असल्यास वाटी उंच व ०.८ पेक्षा कमी असल्यास खाली समजतात. उदा., वाटी ४.५ सेंमी. व कंडराही ४.५ सेंमी. असेल, तर गुणोत्तर १ येते. तेवढ्याच वाटीखालील कंडरा ६ सेंमी. असल्यास ते सु. १.३३ होते.

या मापनास मर्यादा आहेत. वाटीचे खालचे टोक काहींत अधिक निमुळते असते, त्यामुळे गुणोत्तर फसवे ठरते. तसेच शस्त्रक्रियेत नडगीवरील उंचवटा खाली हलविला, तरी कंडरेची लांबी तीच राहत असल्याने हे गुणोत्तर बदलत नाही. म्हणून वाटीच्या सांध्याकडील पृष्ठभागाचे अंतर्जंघास्थीपासूनचे अंतर मोजणाऱ्या ब्लॅकबर्न-पील (१९७७) व काटाँ-देशाँ (१९८२) या पद्धती पुढे आल्या. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात (एमआरआय) वाटीची उपास्थी खोबणीच्या उपास्थीस प्रत्यक्ष किती लांबीपर्यंत टेकते, हेही पाहता येते. लहान मुलांत वाटीचे अस्थिभवन साधारणपणे ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरू होते व पुढे बराच काळ तिचा कडेचा भाग उपास्थीचाच असतो. तो क्ष-किरणांत दिसत नसल्याने वाटी आखूड भासते आणि गुणोत्तर वास्तवापेक्षा मोठे येते.

प्रचलित मर्यादा मुख्यतः पाश्चात्त्य लोकांच्या गुडघ्यांवरून ठरलेल्या आहेत. चिनी व भारतीय लोकांत केलेल्या मोजणीत इन्सॉल-साल्वाती गुणोत्तर काहीसे जास्त आढळले असून उकिडवे व मांडी घालून बसण्याच्या सवयीशी त्याचा संबंध जोडला जातो. त्यामुळे केवळ आकडा १.२ च्या वर गेला म्हणून निरोगी व्यक्तीस रोगी ठरविणे योग्य नाही. आंरी दझूर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वाटीच्या अस्थिरतेची चार कारणे एकत्र मांडली : खोबण उथळ असणे, वाटी उंच असणे, नडगीवरील उंचवटा खोबणीच्या मानाने फार बाहेर असणे व वाटी तिरपी असणे. उपचार ठरविताना या चारही बाबी तपासाव्या लागतात.

श्रम, खेळ व गुडघा : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्यामुळे उसाचे क्षेत्र बनले आहेत. ऊसतोडीत बुडख्याशी वाकून तोडणे, मोळी बांधण्यास खाली बसणे व ती डोक्यावर घेऊन वाहनावर चढणे ही कामे दिवसभर चालतात. वाटीमागील सांध्यावर सपाट जमिनीवर चालताना ढोबळमानाने शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिना चढताउतरताना तिपटीहून अधिक, तर खोल बैठकीत सात-आठ पट भार येतो. त्यामुळे उच्चस्थ वाटी असलेल्या मजुरास चालण्यापेक्षा बैठक व ओझ्यासह चढण यांचा त्रास अधिक होतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने पंढरपूरला जाते. अशा सपाट वाटेवरील चाल बहुतेक रुग्णांना झेपते, मात्र मुक्कामी दीर्घकाळ गुडघे दुमडून बसणे टाळावे लागते.

वाटी निसटण्याचा धोका मात्र खोल बैठकीत नसतो. खो-खोतील बसलेल्या खेळाडूची वाटी खोबणीत पक्की असते; ‘खो’ मिळाल्यावर उठून, पाय जवळजवळ सरळ असताना, अंगाला एकदम वळण देण्याचा क्षण धोक्याचा असतो. कबड्डीत चढाई करणारा पाऊल रोवून मागे फिरतो तेव्हाही हेच घडते. शाळकरी खेळाडूचा गुडघा दोन-तीनदा ‘मुरगळला’, तर वाटीची तपासणी करून घेणे हिताचे असते.

बैलातील वाटी अडकणे : ओढकामाच्या बैलांत वाटी वर अडकून मागचा पाय ताठ राहतो व खूर जमिनीवर घासत जातो. हा विकार नावाने जवळचा वाटला, तरी त्याची यंत्रणा वेगळी आहे. गुरांत वाटीखाली तीन बंध असतात व त्यांपैकी आतील बंध ऊर्वस्थीच्या उंच कडेवर आकड्यासारखा अडकतो. तो बंध कापला, की जनावराचा पाय मोकळा होतो. माणसात एकच बंध असल्यामुळे वाटी अशी अडकत नाही आणि तो बंध तुटणे हे माणसाच्या बाबतीत मोठेच संकट असते.

कंडरा तुटणे : उडी मारताना, घसरताना किंवा पायरी चुकताना गुडघ्यात ‘कट’ असा आवाज होऊन वाटी वर गेली, तिच्याखाली बोटाला खळगा लागला आणि उताणे झोपून पाय सरळ ठेवून उचलता आला नाही, तर कंडरा तुटल्याचा संशय धरावा. दुसऱ्या गुडघ्याशी तुलना केल्यास फरक लगेच कळतो. सूज आल्यावर खळगा झाकला जातो व मुरगळ समजून शेक, चोळणे, लेप यांत दिवस जातात. दरम्यान स्नायू आखडतो, टोके दूर जाऊन व्रणोतक तयार होते आणि सुरुवातीस सरळ टाके घालून होणारी दुरुस्ती पुढे अवघड बनते. अशा रुग्णाचा पाय सरळ ठेवून, फळी बांधून त्यास विनाविलंब अस्थिशल्यचिकित्सकाकडे न्यावे. बारामती येथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे.

चिकित्सा : तक्रार नसल्यास उपचारांची आवश्यकता नसते. दुखण्यावर प्रथम व्यायाम हाच उपाय होय : चतुःशिरस्क स्नायू, विशेषतः त्याचा आतील भाग, आणि नितंबाचे स्नायू बळकट करणे, मांडीच्या मागील आखडलेले स्नायू सैल करणे, वजन आटोक्यात ठेवणे व काही काळ खोल बैठका टाळणे. हे व्यायाम काही महिने नियमाने करावे लागतात. वाटीला आधार देणाऱ्या पट्ट्याचा काहींना उपयोग होतो.

वाटी वारंवार निसटत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. फाटलेल्या आतील बंधाच्या जागी दुसऱ्या कंडरेचा तुकडा बसवितात. वाटी फार उंच असल्यास नडगीवरील उंचवटा हाडाच्या तुकड्यासह कापून, मोजलेल्या अंतराने खाली सरकवून स्क्रूने पक्का करतात. तो गरजेपेक्षा खाली नेल्यास वाटी नीचस्थ होऊन दाब वाढतो व नवे दुखणे सुरू होते; म्हणून मापन अचूक असावे लागते. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत ही शस्त्रक्रिया करीत नाहीत, कारण तेथील वाढीच्या पट्टीस इजा होऊन गुडघा मागे झुकू शकतो. अशा मुलांत वाढ पुरी होईपर्यंत व्यायाम, आधार व आवश्यकता भासल्यास केवळ मऊ बंधांवरील शस्त्रक्रिया यांवर भर देतात.