क्वार्टरबॅकची जन्मतारीख

४ जानेवारी २००० च्या रात्री न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये फ्लोरिडा स्टेट आणि व्हर्जिनिया टेक यांच्यात अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. व्हर्जिनिया टेकचा क्वार्टरबॅक मायकेल व्हिक १९ वर्षांचा होता, फ्लोरिडा स्टेटचा ख्रिस वाइंकी २७ वर्षांचा. संघ २८-७ असा मागे पडलेला असताना व्हिकने पायांच्या वेगावर सामना फिरवला आणि तिसरं चरण संपताना २९-२८ अशी आघाडी मिळवून दिली. वाइंकी डगमगला नाही. चौथ्या चरणात त्याच्या संघाने १८ गुण वसूल केले आणि सामना ४६-२९ असा संपला. वाइंकीच्या नावावर ३२९ यार्डांचे पास आणि चार टचडाउन पास लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ व्या वर्षी, त्याने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक पटकावला. इतक्या वयाचा विजेता त्याच्या आधी झाला नव्हता, पुढेही झाला नाही.

१९९० मध्ये शाळा संपल्यावर वाइंकी टोरोंटो ब्लू जेजकडून बेसबॉल खेळायला गेला होता. फ्लोरिडा स्टेटचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी त्याला शब्द दिला होता, की परत आलास तर शिष्यवृत्ती मिळेल. बेसबॉलमध्ये जम बसला नाही तेव्हा १९९७ मध्ये तो परतला आणि बाउडन यांनी शब्द पाळला.

क्वार्टरबॅकला चेंडू मिळाल्यापासून दोन-तीन सेकंदांत समोरचे अकरा जण कुठे सरकताहेत ते ओळखून पास द्यायचा असतो. अंगात ताकद अठराव्या वर्षीही असते, पण ही नजर तयार व्हायला वेळ लागतो. ऑबर्नच्या बो निक्सचंच घ्या. २०१९ मध्ये, १९ व्या वर्षी, पहिल्याच सामन्यात नऊ सेकंद उरलेले असताना त्याने ओरेगनविरुद्ध विजयी पास टाकला. देशभर नाव झालं, पण त्या हंगामात त्याचे ५७.६ टक्केच पास साथीदारांच्या हाती लागले. पुढे तो त्याच ओरेगनमध्ये दाखल झाला. २०२३ मध्ये त्याचं प्रमाण ७७.४ टक्क्यांवर गेलं : ४५ टचडाउन पास, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागलेले पास अवघे तीन. ओरेगनची आक्रमणाची पद्धत त्याला मानवली, साथीदारही चांगले होते, हे मान्य. तरीही सुरुवातीपासून खेळलेल्या ६१ सामन्यांचा अनुभव आणि चार वर्षांनी वाढलेलं वय यांचा वाटा मला त्यात सर्वांत मोठा वाटतो.

ही वर्षं खेळाडूला नियमांनीच मिळवून दिली. १९७२ पूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात जागाच नसे. नंतर पाच वर्षांत चार हंगाम अशी चौकट रुळली. एक वर्ष बाहेर बसून राखून ठेवायचं, त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. २०१८ पासून चार सामने खेळूनही ते वर्ष शाबूत राहू लागलं. करोनाच्या २०२० मधला हंगाम तर कुणाच्याच खात्यात धरला नाही. त्यामुळे २३-२४ वर्षांचे क्वार्टरबॅक नेहमीचेच झाले. जॉर्जियाच्या स्टेट्सन बेनेटने दुसरं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

कॉलेजांच्या भरतीचा बाजार मात्र मुलगा कोणत्या साली शाळा सोडणार, यावर चालतो. गुणवत्तेचे तारे त्या वर्गाप्रमाणे मिळतात. उंची, वजन, धावण्याची वेळ ठळक छापतात, जन्मतारीख क्वचितच. पालकांनी ही फट बरोबर हेरली. विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात आठवी पास झालेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत घालून पुन्हा आठवीत बसवतात, म्हणजे तो वर्गात वर्षाने मोठा ठरतो. बहुतेक राज्यांत शाळेचं वर्ष सुरू होण्याआधी १९ पूर्ण झालेल्या मुलाला शाळेकडून खेळता येत नाही, म्हणून त्या मर्यादेच्या आत बसेल असा हिशेब आधीच मांडलेला असतो. ज्याच्या घरी खाजगी शाळेची फी दोनदा भरण्याची ऐपत नाही, तो मुलगा वर्षाने लहान राहून त्याच रांगेत उभा राहतो. हा सरळ अन्याय आहे.

आणि घाई पाहा. २०१० मध्ये डेलावेअरच्या डेव्हिड सिल्सला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक लेन किफिन यांनी शिष्यवृत्ती देऊ केली, तेव्हा तो सातवीत होता, १३ वर्षांचा. तो तिथे गेलाच नाही. वेस्ट व्हर्जिनियात तो पास झेलणारा खेळाडू झाला आणि २०१७ मध्ये त्याने १८ टचडाउन झेलले. तेराव्या वर्षी त्याच्यातला क्वार्टरबॅक पाहणाऱ्यांनी नेमकं काय पाहिलं होतं?

व्यावसायिक लीगची गणितं वेगळी. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या भरतीत, व्हिक पहिला गेला, वाइंकी १०६ वा, कारण तिथे पुढची दहा-पंधरा वर्षं विकत घेतात. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने २८ वर्षांच्या ब्रँडन वीडनला २२ व्या क्रमांकावर उचललं. दोन हंगामांत तो संघाबाहेर होता. अलीकडे ही अढी सैल झाली आहे. २०२४ मध्ये २४ च्या घरातला मायकेल पेनिक्स आठवा गेला आणि निक्स बारावा.

कॉलेजच्या प्रशिक्षकाला पंधरा वर्षांशी कर्तव्य नाही. त्याची नोकरी येत्या शनिवारच्या सामन्यावर असते. २०२१ मध्ये खेळाडूंना हंगाम न गमावता एकदा कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली आणि आपलं नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसेही मिळू लागले. तेव्हापासून प्रशिक्षक मुरलेला क्वार्टरबॅक दुसऱ्या कॉलेजातून आणतात. खेळाडूला ही मोकळीक मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. तिची किंमत मात्र शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून भरायच्या असलेल्या मुलाला मोजावी लागते आहे.

फायरबॉ या कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या गावचा जॉश ॲलन २०१४ मध्ये शाळेतून बाहेर पडला तेव्हा मोठ्या कॉलेजांपैकी एकानेही त्याला विचारलं नाही. तो रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, अंगाने भरला आणि देशभरच्या प्रशिक्षकांना ई-मेल पाठवत राहिला. वायोमिंगने त्याला घेतलं. २०१८ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघाने त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं, आणि २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. आज त्याच शिष्यवृत्तीसाठी त्याच्यासमोर तीस सामने खेळलेला २३ वर्षांचा क्वार्टरबॅक उभा असता, आणि वायोमिंगने कुणाला बोलावलं असतं याची मला फारशी शंका नाही.