स्पिंडलची मोटर आणि एचपीचा आकडा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरसारख्या सीमेलगतच्या गावी विजेच्या मोटरीशी माणसाची पहिली ओळख विहिरीवरच्या पंपाने, नाही तर पिठाच्या गिरणीने होते. आणि म्हणून कोणतीही मोटर जळाली की दुकानदारापुढे पहिला व बहुधा शेवटचा सवाल ठेवला जातो, तो ‘किती एचपी?’ हाच. ही सवय अज्ञानातून नव्हे, अनुभवातून आलेली आहे; कारण साधा पंप काय किंवा गिरणी काय, दोन्ही जन्मभर एकाच गतीने फिरतात, आणि गती कायम असली की अश्वशक्तीच्या एका आकड्यात मोटरीचा सगळा मगदूर खरोखरच कळतो. परंतु हीच सवय घेऊन जो कारागीर लहान सीएनसी मिलिंग मशीनच्या स्पिंडलसाठी बदली मोटर शोधू लागतो, मग तो चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीतला असो की आपल्या गावी उमेदीने पहिले यंत्र मांडणारा तरुण असो, त्याची कष्टाची रक्कम चुकीच्या जिनसावर खर्ची पडण्याचे भय असते, आणि ते टळावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

स्पिंडलला एक गती नसते. साध्या लोखंडावर दहा मिलिमीटरचा हायस्पीड कटर मिनिटाला २५ मीटर वेगाने चालवायचा तर स्पिंडलचे फेरे मिनिटाला सुमारे ८०० लागतात. तोच कटर काढून सहा मिलिमीटरचा कार्बाइड कटर ॲल्युमिनियमवर १५० मीटर वेगाने धरला तर फेरे ८,००० च्या घरात जातात. आता ७५० वॅटची, म्हणजे लोकभाषेत एक एचपीची, सर्वो मोटर घ्या. तिच्या नेमप्लेटवर ३,००० फेरे लिहिलेले असतील, तर किलोवॉटला ९,५५० ने गुणून फेऱ्यांनी भागल्यावर तिचा पीळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, तो अवघा २.४ न्यूटन-मीटर भरतो. आणि गती कमी केल्याने तो वाढत नाही. ही मोटर स्पिंडलला थेट जोडून लोखंडासाठी ८०० फेऱ्यांवर चालवली, तर कटरपर्यंत पोहोचते ती केवळ २०० वॅट शक्ती, आणि मालक मात्र मोटर सदोष निघाली म्हणून विक्रेत्याकडे तक्रारीचा अर्ज घेऊन जातो. मोटर निर्दोष असते. तिच्या आणि स्पिंडलच्या मध्ये तीनास एक प्रमाणाचा पट्टा घातला, की त्याच ८०० फेऱ्यांवर पीळ सातच्या पुढे जातो आणि शक्ती ६०० वॅट मिळते. जुन्या लेथवर पायऱ्यांची पुली आणि बॅक गिअर ज्यांनी हाताळले, त्या मिस्त्रींना हे कोणी शिकवावे लागत नाही. अर्थात ह्या सोयीचे मोलही द्यावे लागते: मोटरीची कमाल गती ५,००० असेल, तर स्पिंडल १,६६० च्या आसपास अडतो आणि ॲल्युमिनियमचे काम रखडते; म्हणून दोन्ही धातू कापायचे असतील, तर दोन पायऱ्यांच्या पुलीला पर्याय नाही.

माहितीपत्रकात ‘कमाल टॉर्क तिप्पट’ असे ठळक छापलेले असते, त्यावरही विसंबू नये. तो पीळ काही सेकंदांपुरता, गती घेताना वा थांबताना वापरायचा असतो, आणि मिलिंगचा काप तर मिनिटेच्या मिनिटे अखंड चालतो.

सर्वोवाचून सीएनसीचा स्पिंडल चालतच नाही, हीही समजूत रूढ आहे. नुसत्या मिलिंगला साधी थ्री फेज मोटर आणि फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह पुरेशी होते, मात्र मंद गतीवर तिचा पंखाही मंदावतो हे ध्यानात ठेवावे. सर्वोची खरी गरज भासते ती रिजिड टॅपिंगला, जिथे टॅपचा प्रत्येक फेरा आणि त्याची खाली उतरण्याची चाल ह्यांचा मेळ तंतोतंत राहावा लागतो. आणि तिथेही मोटरीचा एनकोडर ड्राइव्हला वाचता येतो की नाही, ह्याची खातरजमा खरेदीपूर्वी करावी, कारण कोणतीही सर्वो कोणत्याही ड्राइव्हवर चालत नाही.

उरतो खेड्यातला सिंगल फेजचा प्रश्न. ड्राइव्ह २३० व्होल्टच्या घरगुती जोडणीतून तीन फेज करून देते हे खरे, पण साधी ड्राइव्ह व्होल्टेज वाढवीत नाही. लहान मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या येतात. तशीच मोटर ह्या ड्राइव्हला लावली तर तिला ५५ टक्के व्होल्टेज मिळते आणि तिची ओढ एकतृतीयांशाहूनही खाली येते. तेव्हा वीज बंद करून डबी उघडावी. सहा खिळ्यांपैकी एका बाजूचे तीन पट्ट्यांनी एकत्र बांधलेले दिसले, तर तो स्टार. नेमप्लेटवर २४०/४१५ अशी नोंद असेल, तर त्या पट्ट्या काढून समोरासमोरच्या खिळ्यांच्या तीन जोड्या बांधाव्यात, म्हणजे डेल्टा होतो. डबीत तीनच तारा आल्या असतील, तर वाइंडरकडून आतला जोड सोडवून सहाही टोके बाहेर काढून घ्यावीत.