शेंदूरजनाघाट : पन्हेरीच्या गावाची नदी

शेंदूरजनाघाट हे अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यातले नगर परिषदेचे गाव. वस्ती वीस हजारांच्या घरात. उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. वऱ्हाडात शेंदूरजना नावाची गावे आणखीही आहेत. त्यामुळे नावापुढचा ‘घाट’ गाळून चालत नाही, एसटीचे तिकीट काढताना तर नाहीच. देवना आणि जीवना या दोन लहान नद्या या गावाच्या. डोंगरातून उतरणारे त्यांचे पाणी शेवटी वर्धा नदीला मिळते. पावसाळ्यात दोन्ही नद्या चार-सहा दिवस गाव हादरवतात आणि बाकीचे वर्ष जवळजवळ विस्मरणात जातात. गावाचे नाव मात्र नद्यांमुळे झालेले नाही, ते झाले संत्र्याच्या कलमांमुळे.

इतिहास सर्वांना पाठ आहे. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेकडून संत्र्याची झाडे आणली, ती विदर्भाच्या काळ्या मातीला मानवली, पुढे वरुड-मोर्शीचा पट्टा ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून मिरवू लागला, 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या सगळ्यात शेंदूरजनाघाटचा वाटा पन्हेरीचा, म्हणजे रोपवाटिकेचा. इथल्या कलमा केवळ विदर्भात राहत नाहीत, ट्रक भरून परप्रांतात जातात.

पन्हेरीचे काम संथ आणि नेमके असते. आधी जंभेरीच्या बिया वाफ्यात टाकतात. हे लिंबाच्या जातीचे काटेरी, दणकट झाड. त्याच्या मुळांवर संत्रा उभा राहतो. रोपाचा बुंधा पेन्सिलीएवढा जाड झाला की हिवाळ्यात डोळे बांधायला सुरुवात होते. कारागीर उकिडवा बसून वाफ्यातून पुढे सरकतो. चांगल्या मातृवृक्षाची डोळकाडी ओल्या फडक्यात गुंडाळलेली असते. तो जंभेरीच्या सालीवर उभा-आडवा छेद देतो, चाकूच्या मागच्या टोकाने साल उचलतो, काडीवरचा डोळा ढालीच्या आकाराचा कापून आत सरकवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर आवळतो. नजर उचलून पाहण्याच्या आत पुढच्या रोपाला हात घातलेला असतो. पूर्वी ही पट्टी केळीच्या सोपटाची असे. ते आपोआप कुजून मातीत जाई. प्लास्टिकची पट्टी सोडून टाकावी लागते, आणि सोडलेली पट्टी वाफ्यात, पाटात आणि अखेर नाल्यात सापडते.

या कामात एक गोष्ट पाण्याशी थेट जोडलेली आहे. डोळा जमिनीपासून वीतभर, साधारण नऊ इंच उंचीवर बांधायचा, असा दंडक आहे. संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागतो, मुळे कुजतात, आणि दोन्हींच्या मागे फायटोप्थोरा नावाची बुरशीसारखी जात असते. तिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात गेले की रोग त्याच्याबरोबर जातो. जंभेरीच्या तुलनेत संत्र्याची साल या रोगाला अधिक हळवी, म्हणून कलमाचा जोड ओल्या मातीपासून उंच ठेवायचा. झाडाच्या बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळ्याची शिफारस आहे ती याच कारणाने. पाणी आणि रोग यांचे नाते इतक्या बारकाईने सांभाळणारे हे गाव आहे. त्याच गावातून वाहणाऱ्या नदीला मात्र कोणी वीतभर अंतराचीही सवलत दिलेली नाही.

नदी बिघडते म्हटले की कारखान्याचे धुराडे आणि रंगीत पाण्याचा पाइप डोळ्यांसमोर येतो. इथे तसे काही नाही. पहिले कारण आहे पाणीच नसणे. संत्र्याला बारमाही ओलिताची गरज. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले, बोअर आटले तेव्हा ते आणखी खोल गेले. वरुड-मोर्शी भागातला भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आणि हा पट्टा अतिशोषित ठरला. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘ड्रायझोन’. 2019 च्या उन्हाळ्यात या भागातल्या संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा या नावाचा अर्थ पुन्हा एकदा कळला. पावसाळ्यानंतर नदीला जगवतो तो जमिनीतला झिरपा. भूजलाची पातळी पात्राच्या खाली गेली की झिरपा थांबतो आणि नदी कोरडी पडते. मग पात्रात उरते ते गावाने सोडलेले पाणी. नदीला स्वतःचे पाणी असते तेव्हा थोडी घाण ती पचवते. पाण्यातला प्राणवायू वापरून जिवाणू ती घाण फोडतात. कोरड्या पात्रातल्या सांडपाण्याला ही सोय नाही.

सांडपाणी किती, याचा कागदी हिशेब अवघड नाही. भूमिगत गटार नसलेल्या गावाला माणशी दिवसाला 70 लिटर पाणी, हा नियोजनातला नेहमीचा निकष. वापरलेल्या पाण्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. वीस हजार वस्तीला हा हिशेब लावला तर दिवसाला अकरा लाख लिटर होतात. एवढे पाणी उघड्या नाल्यांतून उताराकडे निघाले की त्याला नदीवाचून दुसरी वाट नसते. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात जैविक प्राणवायू मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत असावी आणि विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅमच्या वर, असे मानक आहे. कच्च्या मैलापाण्याची हीच मागणी 200 ते 300 मिलिग्रॅम असते. सेप्टिक टँकचे निघालेले पाणी शोषखड्ड्यात न जाता नालीत सोडले, तर शौचालये बांधूनही नदीचे काहीच भले होत नाही. शौचालय बांधल्याचा फोटो निघतो, टँकच्या दुसऱ्या टोकाला कोणी कॅमेरा नेत नाही.

दुसरे कारण वावरातले. दहा वर्षांवरच्या संत्र्याच्या झाडाला वर्षाला 800 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे झाडामागे पावणेदोन किलोच्या आसपास युरिया. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी 277 झाडे, म्हणजे साडेचार क्विंटलहून अधिक. दिलेल्या नत्रातला निम्मा भागही पुष्कळदा झाड घेत नाही. बाकीचा काही हवेत जातो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो किंवा नाल्याला लागतो. भाव बरा असेल त्या वर्षी शिफारशीवर आणखी एक पोते पडते, हे बागाईतदार नाकारत नाहीत.

त्याच्या जोडीला मोरचूद. डिंक्यावर बोर्डो मलम हा जुना, खात्रीचा उपाय : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला पांढरट-निळा लेप बसलेल्या बागा दुरून ओळखू येतात, आणि दिसायला सुंदरही दिसतात. मोरचुदातले तांबे मात्र पावसाने धुतले तरी नाहीसे होत नाही. ते मातीत आणि गाळात साचत राहते. मासे आणि पाण्यातले शेवाळ यांना ते थोड्या मात्रेतही घातक. कोळशी आणि सिट्रस सिलावर मारायच्या कीटकनाशकांचे पंप नाल्यावर धुण्याची सवय त्याहून वाईट. रिकामी बाटली तिथेच पात्रात पडते, आणि तळाशी राहिलेले चमचाभर औषध डबक्यातले मासे संपवायला पुरेसे असते.

संत्रा स्वतःदेखील नदी बिघडवतो, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. आंबिया बहाराची फळगळ झाली की झाडाखाली फळांचा सडा पडतो. ती गोळा करून खड्ड्यात पुरायची, हा कृषी खात्याचा सल्ला. मजुरी परवडत नाही म्हणून ती बांधावर नाहीतर नाल्याच्या काठावर जातात. फळातली साखर आणि आम्ल पाण्यात कुजताना प्राणवायू झपाट्याने खातात. बाजार पडला की हा ढीग वाढतो. इथल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयात शुल्क 2019 मधल्या किलोमागे 20 रुपयांवरून 2023 पर्यंत 88 रुपयांवर नेले. ढाक्यात शुल्क वाढते आणि वरुड तालुक्यातल्या नाल्याच्या काठावर त्याचा वास येतो.

परिणामांत सर्वांत जवळचा परिणाम भूजलावर. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेले देशातले पंधरा जिल्हे दिले आहेत. त्यांत महाराष्ट्रातले सात आणि त्या सातांत अमरावती. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेले पाणी बाटलीच्या दुधात मिसळले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढते. आज वऱ्हाडातल्या गावोगावी लग्नाच्या पंगतीपासून पानठेल्यापर्यंत ‘फिल्टरच्या पाण्याच्या’ कॅन दिसतात. विहिरीच्या पाण्याची चव सांगणारी पिढी अजून आहे; ते पाणी पिणारी घरे कमी होत चालली आहेत.

दुसरा परिणाम नदीच्या वाटेने खाली जातो. वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि मोर्शीजवळ सिंभोरा इथे ऊर्ध्व वर्धा धरणात अडते. धरणाला नल-दमयंती सागर म्हणतात; विदर्भकन्या दमयंतीची आठवण तेवढी नावात जपली आहे. 564 दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचे हे धरण अमरावती शहराला पिण्याचे पाणी पुरवते. वरच्या पाणलोटातले नत्र आणि स्फुरद अशा स्थिर पाण्यात पोहोचले की शेवाळ माजते, आणि पाणी शुद्ध करण्याचा खर्च शहरावर पडतो. म्हणजे शेंदूरजनाघाटच्या नालीचा प्रश्न अमरावतीच्या नळाचाही आहे, पण शहराच्या पाणीपट्टीतला एक रुपयाही या वरच्या गावांच्या सांडपाण्यावर खर्च होण्याची सोय नाही. धरणाच्या खाली कौंडण्यपूर लागते. रुक्मिणीच्या माहेरची तिथली पालखी चारशेहून अधिक वर्षांची मानली जाते, आणि कार्तिकात याच नदीत भाविक स्नान करतात.

पुढे वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. या उपसागराच्या पोटात प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा मोठा थर आहे. नद्यांनी आणखी नत्र ओतले तर उरलासुरला प्राणवायूही जाईल, अशी समुद्र-अभ्यासकांना चिंता आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेचे पाणी पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जाते. एकाच जिल्ह्याने दोन समुद्रांना आपला वाटा पाठवावा, ही अमरावतीची भौगोलिक गंमत. वाटा कशाचा, हा प्रश्न गमतीचा नाही.

शेजारच्या अकोल्याने या प्रश्नावर एकदा मोठी उमेद दाखवली. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा नदीत उतरले आणि जलपर्णी उपसली. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही या मोहिमेचा उल्लेख झाला. तो उत्साह खरा होता. पण जलपर्णी हा रोग नव्हे, लक्षण आहे. नाल्यांतून नत्र-स्फुरद येत राहते तोवर उपटलेली जलपर्णी पुन्हा धरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत आणि त्यांतले 55 महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 चे, देशाचा जल प्रदूषण कायदा 1974 चा. कायद्याला पन्नास वर्षे होत आली असतानाची ही यादी आहे. मोजणी होते मोठ्या नद्यांची. देवना-जीवनासारख्या ओढ्याएवढ्या नद्यांचे पाणी नियमाने तपासावे, असे कोणालाच वाटत नाही, आणि मोठी नदी बिघडते ती अशाच शंभर लहान नद्यांनी.

नदीच्या पात्रात कचरा आणि भराव टाकण्याबद्दल या भागात आणखी एक जाब द्यावा लागतो. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने पलीकडच्या काठचे मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना नदीची जागा अडवू नये हे सांगावे लागत नाही. त्यानंतर जन्मलेल्यांना सांगावे लागते.

उपाय महागडे नाहीत. वीस हजारांच्या गावाला महानगरासारखा प्रक्रिया प्रकल्प नको. घरोघरी शोषखड्डे, नाल्याच्या तोंडाशी गाळण आणि पाणवनस्पतींची तळी एवढ्याने बराच भार उतरतो. बागेत ठिबकमधून थोडे-थोडे खत दिले तर युरिया वाचतो. पंप नाल्याऐवजी वावरातच धुता येतो. हे सगळे कृषी सहायकापासून नगरसेवकापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. अडते ते कोणी, कोणत्या पैशातून आणि कधी करायचे यावर.

कलमा घ्यायला शेंदूरजनाघाटला येणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधला आहे का, आणि पन्हेरीला पाणी कुठून येते. उत्तर ‘नाल्यातून’ असे आले, तर पुढच्या पन्हेरीत जावे. गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागले, तर नदीची चौकशी गावालाही करावी लागेल.